वाचून दाखवलेलं घर

१

काचकारखान्याच्या मागच्या बाजूला वाळू उपसून उपसून पडलेला एक मोठा खड्डा आहे. त्यात बाराही महिने पाणी असतं. भट्टीवर काम करणारा एक माणूस त्या पाण्यात पालथा सापडला, तेव्हा पोलिसांनी पाय घसरला असं लिहिलं आणि हात झटकले. वितळत्या काचेशेजारी उभं आयुष्य काढलं तेव्हा त्याचा पाय कधी घसरला नव्हता. तो नेमका सपाट रस्त्याने घरी येताना घसरला. वस्तीतल्या कोणाला यात काही नवल वाटलं नाही. त्याला मारणारे हात कोणाचे, हे वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि ते कोणी कधी बोलणार नव्हतं. म्हणून त्याची चौकशी इथे नाही. इथे चौकशी आहे ती त्या हातांना त्याचं घर कोणी दाखवलं याची.

त्याआधी काही दिवस शाळेच्या सभागृहात एक कार्यक्रम झाला होता. शहरातल्या संशोधन संस्थेने वस्तीतल्या मुलांशी बोलून घरचं वातावरण आणि अभ्यास यांवर एक अहवाल तयार केला होता. ज्यांना विचारलं त्यांनी आधी ऐकावं, मग जगाने वाचावं, अशी या संस्थेची पद्धत. पद्धत चांगलीच आहे, तिला नाव ठेवायला जागा नाही. प्राध्यापक स्वतः उभे राहिले आणि त्यांनी एका मुलीचं मनोगत वाचून दाखवलं. मुलीचं नाव अर्थातच नव्हतं.

"माझे वडील भट्टीवर असतात. मी घरात सगळ्यांत मोठी. माझ्या पाठीवर जुळे भाऊ. आजीची एक बाजू गेलीय, ती दाराजवळच्या खाटेवर असते. संप चालू होता तेव्हा वडील रोज रात्री जेवून मॅनेजरच्या बंगल्यावर जायचे. बैठकीला कोण कोण येतं ते सांगायचे. नंतर पुष्कळांना कामावरून काढलं. वडिलांना नाही काढलं. ज्यांना काढलं त्यांची मुलं माझ्याच वर्गात आहेत. मला अभ्यास करवत नाही."

प्राध्यापकांचा आवाज शेवटी जरा भरून आला. त्यांनी मान वर केली तेव्हा सभागृहात त्यांच्याकडे कोणीच बघत नव्हतं. सगळी डोकी भट्टीवाला बसला होता त्या मागच्या बाकाकडे वळली होती.

खड्ड्यातून प्रेत काढलं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक मुलगी संस्थेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. रखवालदाराने दोनदा हुसकलं, तरी हलेना. शेवटी वकीलबाई बाहेर आल्या. वकीलबाई म्हणजे संस्थेच्या नीतिसमितीवरच्या, संशोधनापायी कोणाला इजा होऊ नये हे बघणाऱ्या समितीवरच्या, बाहेरच्या सदस्य. अशा समितीवर संस्थेचा पगार न खाणारं एक तरी माणूस असावं लागतं, म्हणून त्यांना घेतलेलं. कामगार न्यायालयात त्यांची हयात गेली होती आणि आता गुडघे कुरकुरत होते.

"तुझं नाव काय गं?"

"घरी मोठी म्हणतात." मुलगी पंधराएक वर्षांची असावी. तिच्या ओठावर जुनी जखम होती. "माझी आई माझ्याशी बोलत नाही. मी बोलून वडिलांना मारलं म्हणते. तुम्ही तिला येऊन सांगा, मी काही बोलले नाही म्हणून."

"मुलाखतीत म्हणतेस?"

"मुलाखत झालीच नाही माझी. त्या ताई घरी विचारायला आल्या होत्या, तेव्हाच मी नाही म्हणाले."

२

"कोण सहभागी होतं आणि कोण नव्हतं, हे आम्ही कोणालाच सांगत नाही," संस्थेचे संचालक म्हणाले. "हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. नियम तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. पण एक माणूस मेलाय."

"वाईटच झालं. पण आपला नियम त्याने बदलत नाही ना, बाई."

त्यांचा आवाज इतका मऊ होता की वकीलबाईंना ओरडावंसं वाटलं. त्या ओरडल्या नाहीत. न्यायालयात त्यांनी एवढं शिकून ठेवलं होतं की मऊ बोलणाऱ्या माणसावर ओरडलं की आपणच वेडे ठरतो.

प्राध्यापक त्यांच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून बसले होते. माणूस आतून ढासळलेला होता, दाढीही केलेली नव्हती. टेपा कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली त्यांच्या खिशात. टेपा ऐकल्या दोघींनीच. मुलाखती घेणाऱ्या सहायक मुलीने आणि त्या उतरवून काढणाऱ्या टायपिस्टबाईंनी. स्वतः त्यांनी फक्त तयार मजकूर वाचला होता.

"मजकुरात तुम्ही फेरफार केलात?"

"एका शब्दाचाही नाही. ते मूल खरं बोललंय, बाई. इतकी वर्षं मुलांचं बोलणं वाचतोय, मला खोटं लगेच कळतं."

"मुलगी म्हणते, ती बोललीच नाही."

प्राध्यापक कसनुसं हसले. "दुसरं काय म्हणेल? आपल्या बोलण्याने बाप गेला, हे घेऊन कोण जगेल? तिच्या जागी मी असतो तरी नाहीच म्हणालो असतो."

जिना उतरताना वकीलबाईंना वाटलं, माणूस बरोबर बोलतोय. मुलगी खोटं बोलत असेल. पोटच्या आईने तोंड फिरवल्यावर पोर काहीही बोलेल. मग आपण वस्तीत जाऊन तिला आणखी खोलात ढकलायचं का? तरी त्या गेल्या, कारण फाटकाशी उभ्या पोरीने एकदाही रडून दाखवलं नव्हतं.

३

वस्तीतली घरं म्हणजे तीन मजली चाळवजा इमारती, प्रत्येकाला एक खोली आणि पुढे सामाईक गॅलरी. दाराशी खाट होती, खाटेवर आजी होती. आजीची उजवी बाजू निर्जीव आणि डावी सतत काहीतरी शोधत असलेली. वकीलबाई आत शिरल्या आणि त्यांना शिसारी आली ती स्वतःचीच, कारण हे घर त्यांना आधीपासून ओळखीचं होतं. अहवालात त्यांनी ते वाचलं होतं.

आई भट्टीकामगारांचे जाड हातमोजे शिवत होती. मशीन तिने थांबवलं नाही.

"मुलं किती तुम्हाला?" काहीतरी बोलायचं म्हणून वकीलबाईंनी विचारलं.

"दोन," आई म्हणाली. "जुळी."

मोठी कोपऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"तिने खोटंनाटं सांगितलं," आई सुईवरची नजर न काढता म्हणाली. "कोणीतरी शहरातली शिकलेली बाई गोड बोलली, आणि ही वाहवत गेली. बापाला चुगलखोर करून टाकलं. लोकांचं सोडा, मला माहीत आहे ना. संपाच्या दिवसांत ह्यांना सारखी रात्रपाळी होती. संप झाला तरी भट्टी विझवून चालत नाही, फुटते ती. युनियननेच चार माणसं भट्टीवर ठेवली होती. जेवणाच्या वेळी हे घरात नसायचेच. बंगल्यावर कधी जाणार होते?"

"हे तुम्ही लोकांना सांगितलंत?"

"सांगितलं. बायको सांगणारच असं, म्हणाले."

"आई, मला रंगपेटी मिळाली का?" मोठी एकदम म्हणाली. "ज्यांची मुलाखत झाली त्यांना सगळ्यांना मिळाली. आपले दोघं रडले होते की नाही, मी पेटी का नाही आणली म्हणून?"

"लपवली असशील," आई म्हणाली आणि मशीन पुन्हा भरधाव सुटलं.

मोठीने तांदळाचं ताट खाली ठेवलं. तिच्याकडे बघवत नव्हतं. एकदा ठरवून टाकलं की माणसाला कशातही पुरावा सापडतो, हे वकीलबाईंनी कोर्टात रोज पाहिलं होतं. पण इथे पाहताना त्यांना उठून बाहेर यावं लागलं.

गॅलरीच्या टोकाशी पोचल्यावर त्या थांबल्या. पोर खरी असो नाहीतर खोटारडी, एक गोष्ट काही केल्या बसत नव्हती. खोटं रचायचं तर रचणारी आपल्याच बापाची पाळी कशी विसरेल? ज्या घरात संपाच्या दिवसांत बाप जेवायला नव्हता, त्या घरातलं लेकरू "रोज रात्री जेवून" असं म्हणणार नाही. ज्या घरात बाप जेवून हात धुऊन बाहेर पडत होता, तिथलंच लेकरू ते म्हणेल. म्हणजे गोष्ट खरी होती, पण ती एका घरातली होती. आणि खाट, आजी, जुळी पोरं दुसऱ्या घरातली.

मग या दोन घरांची मोट बांधली कोणी?

४

हेडमास्तरांवर त्यांचा पहिला संशय गेला. शाळा कारखान्याच्या मालकीची, हेडमास्तर कारखान्याचे नोकर. खऱ्या चुगलखोराला वाचवायला कारखान्याने दुसऱ्याच्या नावावर बिल फाडलं असेल, तर ते याच माणसाच्या हातून.

हेडमास्तर लहानखुरे होते आणि खुर्चीच्या कडेवर बसायचे. मुलाखती विज्ञानाच्या खोलीत झाल्या, दार बंद असायचं, आपण आसपासही फिरकलो नाही, अहवालाचा कागद तर सभागृहातच पहिल्यांदा पाहिला, असं त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

"रंगपेट्या कोणी वाटल्या?"

"मी. संस्थेने गठ्ठा पाठवला होता." एवढं बोलल्यावर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पुढचा प्रश्न त्यांना दिसला होता.

"भट्टीवाल्याच्या मुलीला दिलीत?"

"बाई, माझ्या निवृत्तीला दोन वर्षं आहेत."

"मी एवढंच विचारतेय, दिलीत की नाही."

"पेट्या मोजक्या होत्या. कोणत्या घरात गेल्या ते सगळी वस्ती जाणते, पोरं मिरवत होती. मला कशाला विचारता?" ते उठून उभे राहिले. "मला यातलं काही माहीत नाही. तुम्ही आलात हेही मला माहीत नाही."

हा माणूस कोणाचा हस्तक नव्हता, नुसता घाबरट होता. हस्तकाने हसून "दिली की" म्हटलं असतं आणि प्रकरण तिथेच संपवलं असतं.

टायपिस्टबाई संस्थेच्या तळमजल्यावर, झेरॉक्सच्या मशीनमागे बसत. कानांवर हेडफोन, पुढ्यात डबा. त्यांनी वकीलबाईंना पाहिल्याबरोबर दोन्ही हात कानांवर ठेवले, हेडफोनसकट.

"मला काही विचारू नका. मी शपथेवर काम करते. ऐकलेलं इथे येतं, बोटांतून कागदावर जातं, आणि मी विसरते."

"सगळं विसरता?"

"सगळं. नाहीतर झोप लागेल का? पोरं काय काय बोलतात!"

"जुळ्या भावांचंही विसरलात?"

"कुठले जुळे?" टायपिस्टबाईंच्या कपाळाला आठी पडली. "जुळ्यांचं काही नव्हतं हो. असतं तर मी टेप मागे नेऊन परत ऐकली असती. माझी स्वतःची जुळी आहेत, बाई. कुठे जुळं म्हटलं की मी कामधाम सोडून बघत बसते, माझा नवरा हसतो मला."

"त्या अहवालात आहे. सभागृहात वाचलेल्या मनोगतात. जुळे भाऊ असलेली मुलगी."

"मुलगी? तिथे तर—" टायपिस्टबाईंनी पुढचा शब्द दातांखाली धरला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी तो अहवाल नाही वाचला. मला कोण देतंय वाचायला? मी फक्त टेपा उतरवते. बाई, तुम्ही जा. मला आणखी बोलायला लावू नका."

आणखी बोलायची गरजही नव्हती. इतके दिवस वकीलबाई टेपेतून वस्तीत काय फुटलं ते शोधत होत्या. टेपेतून काहीच फुटलं नव्हतं. टेपेत ना जुळे भाऊ होते, ना कदाचित मुलगी. ते घर टेपेनंतर आणि छापण्याआधी आत आलं होतं. प्राध्यापकांनी एका शब्दाचाही फेरफार केला नव्हता. मग त्यांच्या हाती मजकूर देणारा एकच माणूस उरत होता.

५

मुलाखती घेणारी मुलगी संस्थेच्या वसतिगृहात राहत असे. कार्यक्रमाच्या दिवसापासून ती कामावर आली नव्हती. दार तिने लगेच उघडलं, वाट पाहत असल्यासारखं. वकीलबाईंनी बसायच्या आधी ती बोलायला लागली, आणि एवढ्या दिवसांचं साठलेलं असल्यामुळे मागचं पुढे, पुढचं मागे होत राहिलं.

"मी पहिला मसुदा दिला तेव्हा नुसतं नाव काढलं होतं. सरांनी वरवर चाळून परत पाठवला. म्हणाले, नाव काढलं म्हणजे ओळख जात नाही, घर बदल. बरोबरच आहे ना ते? मी घर बदललं. एक भाऊ, एक बहीण, वडील फाटकावर, असं काहीतरी मनाने लिहिलं. सर म्हणाले, हे खोटं वाटतं, वाचताना मूल डोळ्यांपुढे येत नाही. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा खोटं वाटलं. मला गोष्टी रचून लिहिता येत नाहीत हो. मी फक्त ऐकते."

"म्हणून खरं घर घेतलंस."

"हो."

"वस्तीत इतकी घरं होती. हेच का?"

तिने खिडकी लावून घेतली. मग म्हणाली, "बाकीची मुलं अभ्यासात होती. त्यांच्यापैकी कोणाचं घर वापरलं असतं तर एकाला झाकताना दुसऱ्याला उघडं पाडलं असतं. त्यांना मी वचन दिलं होतं. मोठी अभ्यासात नव्हती. परवानगी विचारायला गेले तेव्हा तिची आई बाजारात गेली होती. मोठीनेच मला पाणी दिलं, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, घरातलं बाहेर सांगायचं नाही मला. मी उठले. तेवढ्या वेळात खाट पाहिली, आजी पाहिली, ते दोघे जुळे माझ्या पिशवीशी खेळत होते. मला वाटलं, ही तर कशातच नाही. हिला काय धोका असणार? मला ते सगळ्यांत सुरक्षित वाटलं, बाई."

वकीलबाईंना तिचा राग येईना, आणि याचाच त्यांना राग आला. या पोरीने कोणाला विकलं नव्हतं. जी मुलं हो म्हणाली त्यांच्याभोवती तिने जीव तोडून कुंपण घातलं होतं, आणि कुंपणासाठी लागणाऱ्या काट्या जी नाही म्हणाली तिच्या अंगणातून तोडून आणल्या होत्या. शिकलेल्या, सज्जन, नियम पाठ असलेल्या माणसालाच अशी चूक सुचते. एखाद्या उनाड माणसाने मनाला येईल ते घर लिहून टाकलं असतं आणि एक माणूस आज जिवंत असता.

"आणि ते तू वस्तीतच वाचू दिलंस?"

"ते वाचायचं नव्हतं! ते पुस्तकात जाणार होतं, लांबच्या लोकांसाठी. सभागृहात फक्त आकडे आणि निष्कर्ष वाचायचे असं ठरलं होतं. सरांनी आयत्या वेळी ते पान काढलं. म्हणाले, आकड्यांनी कोणाचं मन हलत नाही." ती उठून दाराशी गेली आणि परत आली. "त्यांना माहीत नव्हतं ना, घर खरं आहे म्हणून. माणूस गेल्यावर त्यांना वाटलं, मी शेवटी मूळचंच घर परत ठेवलं. मी उठून थांबवायला हवं होतं. मी उठले नाही. मला वाटलं, मी ओरडले तर सगळे त्या घराकडे बघतील."

"ते तसेही बघत होते."

"हो."

नीतिसमितीची बैठक भरली. प्राध्यापक सगळं ऐकून टेबलावर डोकं टेकून बसले आणि उठलेच नाहीत. संचालकांनी मात्र दोन प्रश्न विचारले. ज्या मुलाने किंवा मुलीने खरोखर ते सांगितलं, त्याची ओळख कोणाला कळली का? नाही. ज्या घराचं वर्णन वापरलं, ते घर अभ्यासात सहभागी होतं का? नाही. संचालकांचा जीव भांड्यात पडला, आणि तो पडलेला सगळ्यांना दिसला. कोणत्याही सहभागी व्यक्तीच्या गोपनीयतेचा भंग झालेला नाही, असा ठराव मंजूर झाला. वकीलबाईंनी विरोधात हात वर केला. एकच हात होता.

बाहेर आल्यावर त्या मुलाखतवालीला म्हणाल्या, "ठराव गेला खड्ड्यात. तू माझ्याबरोबर चल. त्या आईसमोर उभी राहा आणि जे झालं ते सांग."

"माझी नोकरी जाईल."

"जाईल."

"चला," ती म्हणाली.

६

मोठी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. वकीलबाईंनी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तिचं घर कोणी घेतलं, का घेतलं, कसं वाचलं गेलं. मुलाखतवाली मान खाली घालून ऐकत होती. मोठी तिच्यावर धावून जाईल असं वकीलबाईंना वाटलं होतं. पण मोठीने फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे मी बोलले नाही, हे तुम्ही आईला सांगणार? आत्ता?" आणि तिचा चेहरा पहिल्यांदाच पंधरा वर्षांच्या मुलीसारखा दिसला. ती दोन दोन पायऱ्या चढत पुढे गेली.

शहरातली माणसं आलीत ही बातमी त्यांच्याआधी वर पोचली होती. गॅलरीत माणसं उभी होती, दार अडवून. कामावरून काढलेले होते, न काढलेलेही होते. आत आईने मशीन थांबवलं होतं. खाटेवरून आजीचा डावा हात वकीलबाईंच्या पदराला लागला.

"काय सांगायचंय ते सांगा," आई म्हणाली. "माझी पोर बोलली का नाही, ते सांगा."

माझी पोर. मोठीने ते ऐकलं. ती भिंतीला टेकून उभी होती, तिने दोन्ही हात तोंडावर धरले.

वकीलबाईंनी तोंड उघडलं तेवढ्यात गॅलरीतला एक माणूस पुढे घुसला. धडधाकट, घामेजलेला, अंगावर कारखान्याचा शर्ट. "हिची पोर नसेल तर मग कोणाची?" तो ओरडला. "आँ? कोणाचं पोर होतं? सांगा की! रंगपेट्या आठच घरांत आल्या होत्या. त्यातलंच कोणीतरी असणार!"

"बरोबर आहे," मागून कोणीतरी म्हणालं. "आठ घरं आहेत."

मुलाखतवालीची बोटं वकीलबाईंच्या दंडात रुतली. त्यांनी वळून पाहिलं. ती त्या माणसाकडे पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते वकीलबाईंना वाचता आलं. हाच. संपात रोज रात्री जेवून बंगल्यावर जाणारा हाच. तो इतरांच्या वतीने ओरडत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. घरी त्याचंही एक रंगपेटीवालं पोर होतं, आणि आपलंच पोर फुटलं का, हे त्याला या खोलीतून कळून घ्यायचं होतं.

वकीलबाईंनी आयुष्यभर उलटतपासण्या घेतल्या होत्या, आता त्यांच्याच मनात एक सुरू झाली. मोठी बोलली नाही, एवढंच म्हटलं तर? उरली आठ घरं. संध्याकाळपर्यंत हा माणूस घरी जाऊन पोराचा पट्ट्याने जबाब घेईल. किंवा त्याच्याआधी लोकच घरोघर जातील, आणि खड्ड्यातलं पाणी काही आटलेलं नाही. सगळंच बनावट होतं म्हटलं तर? नावं बंगल्यावर पोचली होती, माणसं कामावरून गेली होती, ते बनावट नव्हतं. म्हणून सगळं बनावट हे कोणी मानणार नाही, पुन्हा आठच घरं उरतील. काहीही म्हटलं तरी मोठी सुटताक्षणी एक लहान मूल तिच्या जागी उभं राहत होतं, आणि त्याला आपल्याला काही होणार नाही असं वचन दिलेलं होतं.

"बाई?" आई म्हणाली.

मुलाखतवाली पुढे झाली. तिला बोलायचं होतं, ती त्यासाठीच आली होती. वकीलबाईंनी तिला हाताने मागे धरलं.

"कोण बोललं आणि कोण बोललं नाही," वकीलबाई म्हणाल्या, आणि संचालकांचा मऊ आवाज स्वतःच्याच तोंडून येताना त्यांनी ऐकला, "हे आम्हाला कोणालाच सांगता येत नाही. तसा नियम आहे."

"मग आलात कशाला?" आईने विचारलं.

आजीच्या हाताला लागलेला पदर वकीलबाईंनी ओढून घेतला. गॅलरीत कोणीतरी थुंकलं. घामेजलेल्या माणसाने खांदे सैल सोडले आणि सगळ्यांच्या आधी जिना उतरून गेला. आईने हातमोजा पुन्हा सुईखाली सरकवला. मोठीकडे तिने पाहिलं नाही, आणि आता ती पुन्हा कधी पाहील असं वाटेना.

मोठी त्यांना पोचवायला खाली आली. का आली कोण जाणे. पाहुण्यांना खालपर्यंत पोचवायचं, असं बहुधा तिला घरात शिकवलेलं असावं. मुलाखतवाली पुढे जाऊन भिंतीला धरून उभी राहिली.

"मला राग नाही आला," मोठी म्हणाली. ते खरं नव्हतं. "मी पाहिलं, ताई कोणाकडे बघत होत्या ते. त्याचा मुलगा लहान आहे. तो मार खाईल. मला कळतं ते."

"तू हे कोणाला—"

"नाही सांगणार. घरातलं बाहेर सांगायचं नसतं." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "एकच विचारू?"

"विचार."

"त्या दिवशी मी ताईंना हो म्हणाले असते, काहीबाही बोलले असते, पेटी घेतली असती. तर मग तुम्ही मलापण असंच सांभाळलं असतं?"

वकीलबाईंना खोटं बोलता आलं असतं. पण या पोरीला आज खरं असं काहीच मिळालं नव्हतं.

"हो," त्या म्हणाल्या.

मोठीने मान हलवली, आणि वर निघून गेली.